मनात धरलेली जागा

रविवार असूनही त्या दिवशी घरात मासे नव्हते. सकाळी सुलक्षणाने वालाची उसळ टाकली तेव्हाच तिच्या नवऱ्याने, अनंतने, स्वयंपाकघरात डोकावून विचारलं होतं, "म्हणजे आज काय पालापाचोळा?" आणि "कौल आहे आज, तोंड आवरा," असं ऐकून तो मुकाट्याने पेपर घेऊन गॅलरीत बसला होता. देवाला प्रश्न विचारायचा तर घरात मासळी शिजता कामा नये, हा सासूबाईंचा नियम. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, त्यांचे नियम थोरली सून म्हणून सुलक्षणाच्या हातात आले, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. घरात दुसरं काय होतं तिच्या हातात?

प्रांजल होती. साडेपाच वर्षांची, पुढचा एक दात हलायला लागलेली, झोप लागेपर्यंत अजून सुलक्षणाचा कान हातात धरणारी. धाकटी जाऊ रुचिरा ऐरोलीच्या ऑफिसात परत जायला लागली तेव्हा प्रांजल सहा महिन्यांची होती. तेव्हापासून तिचं दूध, तिचे डोस, तिची बालवाडी, तिचा खोकला, सगळं सुलक्षणाने काढलं. सुलक्षणाचा स्वतःचा मुलगा प्रितम तेव्हा बारावीला होता. तो दिवसभर "आई, आई" करायचा, ते ऐकून प्रांजलही सुलक्षणाला आईच म्हणायला लागली. रुचिरा झाली मम्मी. कोणी बसून ठरवलं नव्हतं, ते तसं होऊन गेलं. आता प्रितम बंगळुरूला होता आणि रविवारी दोन मिनिटं फोन करायचा. घरात आई म्हणणारं एकच तोंड उरलं होतं, आणि तेही जानेवारीत मेलबर्नला निघालं होतं.

नितेशची, म्हणजे धाकट्या दिराची, बदली झाली होती. त्याची, रुचिराची, प्रांजलची आणि दोन वर्षांच्या सौरभची तिकिटं निघाली होती. रुचिरालाही तिकडे नोकरी लागली होती, फेब्रुवारीपासून. फक्त घर कुठे घ्यायचं यावर गाडी तीन आठवडे अडून बसली होती. जागा दोन होत्या. एक ग्लेन वेव्हर्ली, शहराच्या पूर्वेला. तिथल्या शाळांचं नाव घेताना नितेशचा आवाजच बदलायचा. दुसरी टार्नीट, पश्चिमेला. तिथे घरं मोठी, भाडं बेताचं, आपली माणसं भरपूर, आणि दोन गल्ल्या सोडून रुचिराची बहीण गंधाली राहायची.

सुलक्षणाचं पोट दुखत होतं ते नेमकं इथेच. गंधाली घरीच असायची. तिची दोन मुलं तिथल्याच शाळेत जायची. "तुझी दोघं मला काही जड नाहीत गं," असं ती दर व्हिडिओ कॉलला म्हणायची. "मी सोडीन, मी आणीन, मी भरवीन." गेल्या आठवड्यात तर तिने पोरांसाठी घेतलेला दुमजली पलंगही दाखवला. वरच्या मजल्यावर गुलाबी चादर होती. "ही प्रांजलची," गंधाली म्हणाली, आणि सुलक्षणाने स्वयंपाकघरातून हाक मारली, "प्रांजल, आधी येऊन वरण-भात खा!" सकाळचे साडेअकरा वाजले होते. वरण-भात अजून कुकरात होता.

तेव्हापासून ती शाळेच्या बाजूने होती. स्वतः बारावीला गणितात गटांगळी खाल्लेली सुलक्षणा तीन आठवडे चांगल्या शाळेचं महत्त्व सांगत सुटली होती.

"बाबांना दाखव ना परत दोन्ही जागा," रुचिरा म्हणाली. ती सोफ्यावर सौरभला मांडीवर घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

नितेशने लॅपटॉप टीव्हीला जोडला. भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या अकराव्या मजल्यावर, सासरे गुणाजी यांच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत, मेलबर्नची एक गल्ली उघडली. रुंद रस्ता, बुटकी घरं, एकाच उंचीचं गवत.

गुणाजी खुर्ची पुढे ओढून बसले. गिरणी बंद पडून जमाना लोटला तरी त्यांचा आवाज अजून यंत्रावरून बोलल्यासारखा मोठा होता. "स्टेशन खंय?"

"हे बघा. गाडीने दहा मिनिटं."

"मगे ही घरा ईस्टाक की वेस्टाक?"

"बाबा, तिकडे तसं ईस्ट-वेस्ट नसतं."

"स्टेशन असा तर ईस्ट-वेस्ट असताच," गुणाजींनी निकाल दिला. मग पडद्याकडे निरखून बघत म्हणाले, "रस्त्यार माणूस नाय तो एकय?"

"सगळे कामावर गेले असतील."

"आणि पोरा? ती पण कामार?"

"तेच तर म्हणतेय मी!" रुचिरा पुढे झाली. "टार्नीटला निदान गंधालीताई आहे. शाळा सुटते साडेतीनला. मी घरी येणार सहाला. मधले अडीच तास पोरांनी काय करायचं?"

"अगं, पण ती शाळा बघ ना यार," नितेश म्हणाला. "लोक त्या शाळेसाठी घरं बदलतात. आपण एवढे लांब चाललोय कशासाठी? पोरांसाठीच ना?"

"बरोबर आहे भावजींचं," सुलक्षणा कोथिंबीर निवडत म्हणाली. "शाळा एकदा हुकली की हुकली. आणि पोरं सांभाळायच्या सोयी असतात की तिकडे."

"तुम्हाला कसं माहीत, वहिनी?"

"प्रितम म्हणत होता."

प्रितम असलं काही म्हणाला नव्हता. रुचिराने तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि ती सौरभच्या केसांतून हात फिरवू लागली. या दोघी जावा इतक्या वर्षांत एकदाही भांडल्या नव्हत्या. वाडीतल्या बायका त्यांचं उदाहरण द्यायच्या. एकमेकींना काही विचारायचंच नाही, एवढं साधं त्याचं गुपित होतं.

कौल लावायचं गुणाजींनी काढलं होतं. गावचं घर बांधलं तेव्हा लावला, प्रितमच्या बारशाला लावला नव्हता म्हणून त्याला कावीळ झाली, आणि आता पोरं सातासमुद्रापार चाललीत तर देवाला विचारायला नको? नितेश हसला होता, पण तोही देवाचं नाव निघाल्यावर फार ताणत नसे. आणि रुचिरा म्हणाली होती, "लावा. माझं डोकं थकलंय. देव जे सांगेल ते मी मुकाट्याने करीन." तिचं माहेरही कुडाळकडचंच. कौलावर बोललेला शब्द फिरवायचा नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

अकरा वाजता लवूचा व्हिडिओ कॉल आला. लवू गुणाजींचा पुतण्या, गावी असायचा. त्याने फोन देवळात नेला होता. पडद्यावर आधी त्याची हनुवटी दिसली, मग देवळाचं छत, मग एकदाचा पाषाण. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या होत्या. उजवी पाकळी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही.

"वयनी," लवू म्हणाला, "गुरव इचारतत, ती तार नीट म्हणजे काय? खंयची तार?"

"टार्नीट रे! गावाचं नाव आहे."

मागून गुरवांचा आवाज आला. ग्लेन वेव्हर्ली हे नाव त्यांनी तीन वेळा तोंडात घोळवून बघितलं आणि सोडून दिलं. "माका ह्या नाव घेवक जमाचा नाय. देवापुढे नाव वाकडा गेला तर कौलय वाकडो जातलो. एक काम करा. घरातल्या थोरल्या सुनेन एक जागा मनात धरूची. मी इचारतंय ती बरी काय म्हणान. कौल पडासर तोंडान बोला नको."

सगळ्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं. ती हात पुसत उठली, टीव्हीसमोर येऊन पाटावर बसली, डोक्यावरून ओढणी घेतली. तिला काही विचार करायचाच नव्हता. ग्लेन वेव्हर्ली. एवढंच मनात धरायचं.

गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या गुणाजीच्या घराण्यातली पोरा परमुलखात जातत..."

"व्हय म्हाराजा!" गुणाजी गरजले. गॅलरीतून अनंतनेही साथ दिली.

"थोरल्या सुनेन मनात जी जागा धरली हा, ती जागा बरी असात, थंयसर लेकराबाळांचा बरा जातला असात, तर उजवो दी रे म्हाराजा! नसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

सुलक्षणाने डोळे घट्ट मिटले. ग्लेन वेव्हर्ली, ग्लेन वेव्हर्ली. पण त्या नावाबरोबर तिच्या डोळ्यांसमोर काही येईना. एक रिकामी गल्ली, कापलेलं गवत. आणि टार्नीट म्हटलं की सगळंच्या सगळं दिसायचं. तो दुमजली पलंग. ती गुलाबी चादर. शाळेच्या दाराशी उभी असलेली गंधाली, आणि दप्तर उडवत तिच्याकडे धावत जाणारी प्रांजल. सुलक्षणा ते चित्र ढकलायची, ते परत यायचं. तीन आठवडे रात्रंदिवस तेच तर बघत होती ती. मनात दुसरी जागा कुठे होती धरायला?

"उजवो!" लवू ओरडला. "उजवो दिल्यान! बघा बघा, कसो टपकन पडलो!"

सुलक्षणाने डोळे उघडले. उजवीकडची पाकळी पाषाणाच्या पायाशी पडली होती.

"बोल सुलू," गुणाजी म्हणाले, "खंयची जागा धरलंस?"

कोणी ऐकलं नव्हतं, कोणी पाहिलं नव्हतं. जे घडलं ते तिच्या डोक्यात घडलं होतं, आणि तिच्या डोक्यात शिरायची सोय त्या घरात कुणाकडेही नव्हती.

"ग्लेन वेव्हर्ली," ती म्हणाली. ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच न अडखळता आलं.

नितेशने मूठ हवेत उडवली. "झकास!" मग त्याने रुचिराकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.  तिने सौरभला त्याच्या मांडीवर ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिचा फोनवरचा आवाज येऊ लागला. "नाही गं ताई... नाही, आता नाही जमणार..." मधूनच ती नाक ओढत होती.

सुलक्षणाने ताटं घेतली. तिला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. पलंग घेतला होता ना बयेने, आता झोप म्हणावं स्वतःच वरच्या मजल्यावर. तिने अनंतला न मागता दोन पापड वाढले.

जेवणं अर्धी झाली तेव्हा रुचिरा बाहेर आली. चेहरा धुतलेला होता. ती बसली नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी देवाला शब्द दिलाय, तो मोडणार नाही," ती म्हणाली. "पण तिथे एकटीने दोघांचं नाही जमायचं मला. सौरभला पाळणाघरात ठेवेन. प्रांजलच्या शाळेनंतरच्या सोयीला वर्षभराची रांग आहे, आणि तिला आणायला कोणी नाही. तेव्हा प्रांजल वर्षभर इथेच राहील."

"काहीतरीच काय, रुची!" नितेशचा घास हातातच राहिला.

"मग तू नोकरी सोडतोस का? नाही ना? मग झालं." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "वर्षभराने बसतान बसलं की नेऊ. वहिनी आहेत ना. तशी ती त्यांचीच आहे."

गुणाजी पुटपुटले, "पोराक आवशीपासून वेगळा करूचा..." आणि वाक्य तिथेच सोडून ताटातली उसळ कालवू लागले. देवाचा कौल त्यांनीच लावायला लावला होता.

सुलक्षणाने वाटीत उसळ घातली, मग त्याच वाटीत परत एक पळी घातली. एवढं तर तिने मागितलंही नव्हतं! नव्हतं मागितलं, तरी मिळालं. प्रांजल राहणार. पहिलीचं वर्ष, पडायचा तो पहिला दात, दिवाळीचं किल्ल्याचं काम, सगळं इथे, तिच्याकडे. गंधालीने बघावं फोनवरून. तिच्या छातीत आनंद मावेना. "काही काळजी करू नकोस गं," ती रुचिराला म्हणाली, आणि मायेने म्हणाली. जिंकलेल्या माणसाला माया परवडते.

प्रांजल आतल्या खोलीत आपली छोटी चाकांची बॅग भरत बसली होती. दोन आठवडे ती रोज भरायची आणि रोज रिकामी करायची. सुलक्षणा तिच्याशेजारी खाली बसली.

"माझ्या राणीला एक गंमत सांगू? तू कुठ्ठे जायचं नाही. तू आईकडेच राहायचं."

प्रांजलने तिच्याकडे पाहिलं. "आणि मम्मी?"

"मम्मी-पप्पा पुढे जाणार. मग तुला नेणार."

"आणि सौरभ?"

"सौरभ लहान आहे ना. तो जाणार."

प्रांजल उडी मारेल, गळ्यात पडेल, असं सुलक्षणाला वाटलं होतं. प्रांजलने बॅगेतला स्वेटर बाहेर काढला, नीट घडी घालून पलंगावर ठेवला. मग रंगपेटी काढली. मग विचारलं, "मी गंधाली मावशीशी बोलले नाही म्हणून?"

"काय?"

"मावशी फोनवर पलंग दाखवत होती. तू मला जेवायला बोलावलंस म्हणून मी टाटा न करता पळाले. म्हणून मला नाही नेत?" तिचा खालचा ओठ वाकडा झाला. "आई, मी सॉरी म्हणते ना. आता फोन लाव, मी सॉरी म्हणते. मग नेतील?"

सुलक्षणाने तिला जवळ ओढलं. पोरगी रडत नव्हती, तेच वाईट होतं. ती आपण काय चुकलो ते शोधत होती, आणि सुलक्षणाला ते आयतं माहीत होतं. तो कुकरातला वरण-भात, ती साडेअकराची हाक. पोरीची चूक म्हणून जे निघत होतं ते सगळं सुलक्षणानेच केलेलं होतं. तिने मनाला समजवायचा प्रयत्न केला. आठवडाभरात विसरेल, पोरंच ती. पण प्रांजल तिच्या कुशीतून सुटली आणि बॅगेतून पुढची वस्तू काढायला लागली, तेव्हा सुलक्षणाच्याने राहवेना.

ती बाहेर आली. सगळे अजून टेबलाशीच होते.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "माझ्या मनात टार्नीट होतं. देवाने उजवा दिला तो टार्नीटला."

पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग अनंत म्हणाला, "काय बोलतेस तू?" आणि गुणाजींची खुर्ची करकरली.

"देवाचो कौल फिरवलंस?" त्यांचा आवाज एरवीपेक्षा खाली आला होता, आणि म्हणून सुलक्षणाला जास्त भीती वाटली. "माझ्या घरात? तिच्या जागेर बसान?" त्यांनी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मग ते उठले. "अनंता, लवूक फोन लाव. देवाक नारळ ठेवूक सांग, घराण्याकडसून चूक झाली म्हणान." आणि चपला घालून खाली निघून गेले. अनंत फोन घेऊन त्यांच्या मागे धावला. नितेश सौरभला उचलून आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "प्रांजू, ते सगळं परत भर बघू बॅगेत. तू येतेयस." आणि मग प्रांजलची किंकाळी, आनंदाची, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. सुलक्षणाने ती ऐकली आणि तिला कुणीतरी ढकलून दिल्यासारखं झालं.

टेबलाशी दोघी जावाच राहिल्या.

"का?" रुचिराने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"का काय! जळते मी तुझ्या बहिणीवर," सुलक्षणा म्हणाली. आता लपवायला उरलंच काय होतं? "ती पोरांना आणणार, भरवणार, निजवणार. माझंच काम ते. सहा महिन्यांत माझं नावही आठवणार नाही प्रांजलला. मग तिने कोणाला आई म्हणायचं? तिला?"

रुचिरा हसली. हसू चांगलं नव्हतं ते.

"तुम्ही तीन आठवडे जळलात, वहिनी. मी पाच वर्षं जळतेय." तिने एक उष्टं ताट उगाचच दुसऱ्या ताटावर ठेवलं. "रात्री तिला ताप यायचा ना, तेव्हा माझ्या कुशीत झोपलेली असायची ती. आणि मला म्हणायची, आईला बोलव. मी उठून तुमचं दार वाजवायचे. तुम्ही यायचात, तिचं डोकं मांडीवर घ्यायचात, आणि मी तिथे उभी राहून बघायचे. कोणाला सांगणार? तुम्ही तर सगळं माझ्यासाठी करत होतात."

सुलक्षणाने ती उष्टी ताटं आपल्याकडे ओढली.

"नितेशची बदली आपोआप झाली नाही. मी त्याला मागायला लावली. म्हटलं, एवढं लांब गेलं की तरी..." तिने वाक्य सोडून दिलं.

"मग सांगायचंस ना तिला," सुलक्षणा हळूच म्हणाली. "मला आई म्हण म्हणून. मी नसते आड आले."

"सांगितलं होतं. एकदाच. गेल्या शिमग्याला तुम्ही गावी गेला होतात ना, आठ दिवस. मी रजा काढली होती. सगळं मी केलं तिचं, तुम्ही करता तस्सं. चौथ्या दिवशी तिला मांडीवर घेऊन म्हटलं, प्रांजू, आजपासून मला आई म्हणायचं हं." रुचिराने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "ती म्हणाली, 'पण मम्मी, आई तर गावाला गेलीये.'"

सुलक्षणाने मान खाली घातली. देवापुढे खोटी पडलेली बाई ती, सासऱ्यासमोर तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, समोर जाऊ रडत होती आणि आत पोरगी टार्नीटला जायची बॅग भरत होती. लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण 'आई तर गावाला गेलीये' हे मनात घोळलं आणि त्या लाजेच्या खालून आनंद असा उसळून वर आला की तो काही केल्या तिला आवरेना. रुचिराला दिसू नये म्हणून तिने ओढणीने तोंड झाकून घेतलं आणि रडल्यासारखं केलं.